छाप रावजीच्या लेकीची

सुनंदा गोताडला कोणी 'ताई' म्हटलं की तिचे कान उभे राहतात. बहारीनच्या मराठी मंडळात इतकी वर्षं काढल्यावर तिला एक गोष्ट पक्की कळली आहे. इथे मॅडमकडून काम करून घ्यायचं तर पत्र जातं, सरांकडून घ्यायचं तर फोन जातो, आणि फुकटात घ्यायचं तर 'ताई' येते. "ताई, गणपतीचं एक गाणं हवंय." "ताई, हळदीकुंकवाला छोटीशी नाटिका करायचीय." आणि वर हे ठरलेलं वाक्य : "तुम्हाला काय हो, चुटकीसरशी सुचतं!"

सुचतं, हे खरं. पण चुटकी वाजवायलासुद्धा बोटं लागतात, आणि ती बोटं कुणाची तरी असतात. हे मंडळाला सांगायचं कुणी? आपल्याकडे गाणं सगळ्यांना लागतं, गाणं करणाराच तेवढा कुणाला लागत नाही.

ती राहते सनदला आणि काम करते शाळेच्या बसवर. ईसा टाउनला जाणाऱ्या बसमध्ये पोरं मोजायची, पट्टे लावायचे, भांडणं सोडवायची. "आंटी, ही इज पुशिंग मी!" असं कोणी ओरडलं की ती मागे न बघता म्हणते, "ढकलणारा यल्ला, चटकन पुढे येऊन बसेल माझ्याजवळ." पोरं इंग्रजीत तक्रार करतात आणि मराठीत बोलणी खातात. पोरं शाळेत उतरली की बस रिकामी होते. मग ती शेवटच्या सीटवर पाय पसरून बसते, मोबाइल तोंडाशी धरते आणि गाणं सांगते. हो, सांगते. कागदावर तिचं जमत नाही. शब्द आधी चालीत येतात, मग तोंडात, आणि तिथून थेट व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये. पलीकडे कोणीतरी ते उतरवून घेतं. उतरवून घेणाऱ्याचं नाव बऱ्याचदा कार्यक्रमपत्रिकेवर येतं. सांगणारीचं येत नाही.

ही सवय तिला लागली बापामुळे.

गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत रावजी पाष्टे म्हणजे शक्तीवाला शाहीर. जाखडी नाचाच्या बारीत एकीकडे शक्तीवाले, दुसरीकडे तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव यायचं, गावाचं यायचं, गुरूचं यायचं. त्याला म्हणतात छाप. रावजी सांगायचा, "छापेशिवाय गाणं म्हणजे शेंडीशिवाय नारळ. खोबरं खा, चटणी वाट, पण देवापुढे ठेवायला चालायचा नाय."

एकदा रावजीचं गाणं तिसऱ्या कडव्याला अडलं. सुनंदा पडवीत कुळीथ पाखडत होती. सूप हलवता हलवताच तिने दोन ओळी टाकल्या. रावजी बघतच राहिला. त्या दोन ओळींनी बारी मारली. पुढच्या खेपेला पाच ओळी तिच्या, मग अर्धं गाणं, मग अख्खं. छाप मात्र रावजीचीच.

"आबा, माझं नाव कधी घालणार?"

"बायकांची छाप नसते गो बाय."

"का नसते?"

रावजी चिडला नाही. त्याने तिला सरळ सांगितलं, "छाप म्हणजे नुसतं नाव नाय. ज्याची छाप त्याने उभं ऱ्हायाचं. समोरच्याने सवाल टाकला की तिथल्या तिथं, ढोलकी थांबायच्या आत, त्याच चालीत जवाब द्यायाचा. नाय दिला तर गाणं गेलं, नाव गेलं, गुरूचंही गेलं. भरल्या मांडवात उभी ऱ्हाशील तू?"

"राहीन."

रावजी हसला. तो विषय तिथेच राहिला आणि पुढे तिचं लग्न झालं. शैलेंद्र बहारीनला लाँड्रीची गाडी चालवायचा. ती त्याच्यामागून आली. रावजी मागे वारला. त्याच्या नावावरची अर्धी गाणी तिची होती, हे त्याच्यानंतर सांगणार कोणाला? बापाच्या नावातून आपलं नाव सोडवून घ्यायला ती गेली नाही. बापाला दिलेलं दिलं. पण दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं. आणि तरी पुढची कितीतरी वर्षं ती देतच राहिली, कारण परक्या मुलखात आपल्या भाषेत कोणी 'गा' म्हटलं की मन वितळतं. मंडळाला हे बरोब्बर ठाऊक होतं.

सुरुवातीला ती बुसैतीनला खदिजाच्या घरी मुलं सांभाळायची. खदिजा इथलीच, वयाने तिच्याच बरोबरीची. स्वयंपाकघरात सुनंदा गुणगुणत होती, तेव्हा खदिजाने मोडक्या हिंदीत विचारलं, "किसका गाना है?"

"मेरा."

खदिजा तिथेच स्टूल ओढून बसली. तिचे आजोबा मोती काढणाऱ्या जहाजावर गाणारे होते. गाणारा नसेल तर खलाशी वल्ह्याला हात लावत नसत, असं ती सांगत होती. हंगाम संपला की पाणबुड्याचा निघायचा तसा गाणाऱ्याचाही वाटा निघायचा. "तुला काय मिळतं?" तिने विचारलं.

"मफी, काहीच नाही," सुनंदा म्हणाली. आणि दोघी हसल्या. पण त्या हसण्याचा काटा सुनंदाच्या घशात अडकला तो अडकलाच. समुद्रावरच्या उघड्या माणसांना जे कळत होतं, ते एसी हॉलमधल्या मंडळाला कळत नव्हतं. पत्रिकेवर तिच्या गाण्याखाली छापून यायचं, 'संकल्पना : महिला समिती'. समिती! समितीला कधी गाणं सुचलंय?

मग आला वरुण.

वरुण पुण्याचा, इथे बँकेत नोकरीला. हातात भारी कॅमेरा, डोक्यात सिनेमा. वाईट मुलगा नव्हता तो, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हा सनदला तिच्या घरी आला, खाली बसून घावणे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून खाल्ले आणि म्हणाला, "ताई, मला आपल्या कोकणातल्या ड्रायव्हरवर फिल्म करायचीय. पण मला त्याच्या घरातलं काही माहीत नाही. तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

कान उभे राहिले. पण सिनेमा हा शब्दच असा आहे. सुनंदाने एवढंच म्हटलं, "सांगते. गोष्ट सांगते, बोलणं सांगते, गाणी करते. नाव माझं लागेल."

"शंभर टक्के, ताई! हे काय बोलणं झालं?"

मग सुरू झालं. बस रिकामी झाली की ती सांगायची, बँकेतून सुटल्यावर तो ऐकायचा. ड्रायव्हर घरी फोन करतो तो प्रसंग वरुणने आधी लिहून आणला होता. त्यात ड्रायव्हर बायकोला म्हणत होता, "मला तुझी फार आठवण येते."

सुनंदा पोट धरून हसली. "असं बोलला तर ती घाबरेल रे! म्हणेल, ह्याला काय झालं? नोकरी गेली की काय?"

"मग काय म्हणेल तो?"

"म्हणेल, 'म्हशीने रेडकू जवळ घेतलं का?' ती म्हणेल, 'घेतलं.' मग दोघंही गप्प. तेवढा वेळ तुझा कॅमेरा चालू ठेव."

वरुणने ठेवला. तो सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग झाला. गप्प बसण्याएवढा वेळ कॅमेरा धरून ठेवायची छाती त्याच्यात होती, हेही खरं. असे प्रसंग एकामागून एक तिने सांगितले, त्याने रचले. आणि शेवटाला तिने गाणं दिलं, ड्रायव्हर वाळवंटातल्या रस्त्यावरून एकटा जातो तेव्हाचं :

वाळूत उमटली चाकं, मिटवून नेतो वारा,
माझ्या पायांचा माग, सखे, जातो तुझ्याच दारा.

त्या गाण्याला तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची छाप लावली. बसच्या शेवटच्या सीटवर, मोबाइलवर, एकटीने. बोलताना तिचा आवाज कापत होता.

रावजी गुरूची आण, उसना शब्द ना गाते,
सुनंदा गुहागरवाली, नाव सांगून जाते.

पोस्टर आलं ते मंडळाच्या ग्रुपवर. तिला वेगळं पाठवलंसुद्धा नव्हतं. वर वाळवंट, मध्ये गाडी, खाली अक्षरं : 'कथा, पटकथा, संवाद, गीते, दिग्दर्शन : वरुण'. आणि तळाशी, भिंग घेऊन बघावं अशा अक्षरांत, 'विशेष आभार : सुनंदाताई, सनद'.

आडनावसुद्धा नाही. सनदला काय सुनंदांचं पीक येतं?

तिने फोन केला नाही. फोनवर माणूस कापता येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला ईसा टाउनच्या बाजाराबाहेर बोलावलं आणि त्याच्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइल आपटावा तसा ठेवला. "हे काय आहे?"

"ताई, शांतपणे ऐका. फेस्टिव्हलला पाठवायचीय फिल्म. तिथे सगळं एकाच नावावर असलं की वजन पडतं. आणि प्रामाणिकपणे सांगा, पटकथा पानावर कोणी आणली? सीन मी पाडले, क्रम मी लावला."

"क्रम तू लावलास. मग 'क्रम : वरुण' असं लिही. गाण्याचं काय? गाण्यात काय लावलंस?"

वरुणचा चेहरा जरा उजळला, जणू इथे तरी ती खूश होईल. "गाण्याला मी हातसुद्धा लावला नाही, ताई. फक्त त्या शेवटच्या दोन ओळी. शेवटी नाव घालायची ती फोक स्टाइल मस्तच आहे, म्हणून ठेवली. नाव तेवढं बदललं. गायकाने झकास गायलंय, ऐका." आणि त्याने तिथल्या तिथे ऐकवलं :

वाऱ्या-वाळूची आण, उसना शब्द ना गातो,
वरुण पुण्याचा शाहीर, नाव सांगून जातो.

'उसना शब्द ना गातो' हे जसंच्या तसं ठेवून! चोराने घर धुऊन नेलं आणि दारावरची 'सुस्वागतम्'ची पाटी तेवढी पुसून लखलखीत करून ठेवली, तसं.

सुनंदा एरवी अशा वेळी बाजार जागा करणारी बाई. त्या दिवशी तिने बॉनेटवरचा मोबाइल फक्त उचलून घेतला. वरुणला वाटलं, पटलं. तिला मात्र बापाचा आवाज ऐकू येत होता.

"वरुण," ती म्हणाली, "छाप लावलीस तर समोरून सवाल येतो. आमच्याकडे तशी रीत आहे. ज्याची छाप त्याने जवाब द्यायचा. अजून वेळ आहे, काढ."

"येऊ दे की प्रश्न! स्क्रीनिंगनंतर प्रश्नोत्तरं ठेवलीच आहेत आपण," वरुण म्हणाला आणि घड्याळाकडे बघत गाडीत बसला.

घरी शैलेंद्रने हात जोडले. "खलास कर ना आता. मंडळात मोठमोठी माणसं आहेत. आपल्याला इथे राहायचंय. उद्या कुठे काम अडलं तर?"

"अडलं तर अडलं. आपण व्हिसावर आलोय, कोणाच्या उपकारावर नाही."

मुलगी अपेक्षा, शाळेत वरच्या वर्गात, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मॉम, जस्ट पोस्ट युवर व्हॉइस नोट्स. एक्स्पोज हिम."

"फेसबुकवर मुळूमुळू रडायला मी काय लहान पोर आहे? मी जाणार आणि पहिल्या रांगेत बसणार." तिने पेटीतून हिरवं इरकल काढलं. शैलेंद्रने कपाळाला हात लावला. ते इरकल निघालं की काहीतरी होतं, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

शुक्रवारी मंडळाच्या गणपतीत सिनेमा दाखवायचा होता, हॉल गच्च भरला. पुढे साहेब लोक, मागे सनद आणि सलमाबादहून बसने आलेली कोकणातली पोरं आणि बाप्ये. कोणी प्लंबर, कोणी ड्रायव्हर, कोणी एसीवाला. त्यांच्यात राजापूरचा गुंडू होता. एसी दुरुस्त करणारा, गावाकडे तुरेवाल्यांचा ढोलकीवाला. शेवटी आरती होती म्हणून ढोलकी घेऊनच आलेला. पोस्टरवरून काय झालं याची गुंडूला गंधवार्ता नव्हती, हे त्याच्यावर अन्याय नको म्हणून सांगायला हवं. मागाहून लोक म्हणाले, सुनंदानेच त्याला पढवून आणला. साफ खोटं. पढवायची गरज नव्हती. कुत्र्याला भुंकायला आणि तुरेवाल्याला सवाल टाकायला कोणी शिकवत नाही.

सिनेमा रंगला. फोनच्या प्रसंगाला मागच्या रांगा इतक्या गप्प झाल्या की एसीची घरघर ऐकू आली. मग शेवटचं गाणं लागलं. वाळू, चाकं, वारा. मागे कोणीतरी नाक ओढलं. आणि छाप आली. वरुण पुण्याचा शाहीर, नाव सांगून जातो. दिवे लागले, टाळ्या पडल्या, वरुण स्टेजवर चढला, आणि मागून ढोलकीवर थाप पडली.

"वा, शाहीर, वा!" गुंडू उभा राहिला होता. चेहऱ्यावर निव्वळ आनंद. या वाळवंटात छाप लावून गाणारा शाहीर भेटला! "जोडीला जोड भेटली म्हणायची. घ्या तुरेवाल्याचा सवाल!"

आणि त्याच चालीत तो गायला :

पुण्याच्या शाहिरा सांग, गुरू तुझा तो कोण?
कोणाच्या ओसरीवर बसून शिकलास शब्द दोन?

यात कुचकेपणा कणभर नव्हता. छापेत गुरूचं नाव नसेल तर पहिला सवाल गुरूचाच येतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली रीत.

वरुण हसला. "थँक यू, काका. प्रश्नोत्तरं आपण थोड्या वेळाने..."

"थोड्या वेळाने कसं? ढोलकी चालू हाय!" गुंडू ठेका धरून होता. मागच्या रांगांना आता गाव चढला होता. "जवाब! जवाब!" पुढच्या रांगांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्या टाळ्या वाजवू लागल्या. वरुणने माइक तोंडाशी नेला, खाली घेतला. गुरूचं नाव तो काय सांगणार? आणि चालीत?

तो स्टेजच्या कडेला आला, पहिल्या रांगेसमोर वाकला. "ताई, प्लीज. एक ओळ द्या. फक्त एक ओळ. नावाचं आपण नंतर बघू."

एक ओळ! सुनंदाच्या जिभेवर ती तयार होती. दिली असती तर मुलगा वाचला असता, मंडळ खूश झालं असतं, शैलेंद्रचा जीव भांड्यात पडला असता. आयुष्यभर तिने असंच तर दिलं होतं, कोणाच्या तरी कानात. बाजूला शैलेंद्र तिच्या पदराचं टोक धरून होता.

"नंतरचं खलास," सुनंदा म्हणाली. तिने पदर सोडवून घेतला, कमरेला खोचला आणि उभी राहिली. स्टेजवर गेली नाही. जिथे होती तिथेच उभी राहिली आणि वळली, तोंड मागच्या रांगांकडे करून. जवाब सवाल टाकणाऱ्याला द्यायचा असतो.

गुरू माझा रावजी बाप, शक्तीचा शाहीर,
त्याची लेक मी सुनंदा, आज नावासकट जाहीर!
चित्र काढलं वरुणने, त्याचा त्याला मान,
शब्द माझे, माझे मला, नाही मागत दान!

ढोलकी थांबली. गुंडूने तिच्याकडे बघितलं, स्टेजवरच्या वरुणकडे बघितलं, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "वैनी," तो म्हणाला, "म्हणजे गाणं... तुमचं?"

"माझं."

"आणि छाप त्याची?"

गुंडूने ढोलकी खांद्यावरून काढली आणि खुर्चीवर ठेवली. "मग आरती तुमची तुम्ही म्हणा," तो पुढच्या रांगांना म्हणाला. "उसन्या छापेच्या मांडवात आम्ही वाजवत नाय." मागच्या रांगा उठल्या. कोणी आरडाओरडा केला नाही. चपला शोधायचा काय तो आवाज. आरती त्या दिवशी टाळ्यांवर झाली.

बाहेर पार्किंगमध्ये वरुणने तिला गाठलं. चेहरा लाल, डोळे भरलेले. "तुम्ही मला सगळ्यांसमोर... निदान आधी सांगायचं होतं!"

"सांगितलं होतं. बॉनेटजवळ उभी राहून. तू घड्याळ बघत होतास."

यावर तो लगेच वितळला, असं समजू नका. मंडळाच्या ग्रुपवरून सुनंदाला त्याच रात्री काढलं गेलं. एका बाईने लिहिलं, 'सण-समारंभात असं शोभतं का?' खदिजाला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जहाजावरून उतरवलं तुला? आता बघ, वल्हं कोण मारतो." आणि तसंच झालं. सिनेमात ड्रायव्हर, भाऊ, मित्र म्हणून काम केलेले सगळे मागच्या रांगांतलेच. वरुणला फेस्टिव्हलसाठी दोन जागी त्यांचे आवाज पुन्हा घ्यायचे होते. एकही जण येईना. ज्याला विचारावं तो म्हणे, "आधी छाप दुरुस्त करा, मग बोलवा."

शेवटी तो सनदला आला. या वेळी घावण्यांसाठी नाही. दारातच म्हणाला, "गीते आणि संवाद, सुनंदा गोताड. पटकथा, दोघांची."

"नावाआधी 'रावजीची लेक' लाव. आणि पटकथेत माझं नाव पहिलं."

"पहिलं का?"

"गोष्ट आधी सांगितली जाते, मग टाइप होते."

यावर ते बराच वेळ भांडले. ते भांडण अजून मिटलेलं नाही. सिनेमाच्या पाटीवर सध्या वरुणचं नाव आधी आहे आणि सुनंदा दर भेटीत त्याला ते ऐकवते. पण छापेवर भांडण झालं नाही. ती बदलायची हे ठरलं, आणि ती दुसऱ्या कोणी गायची नाही, हे सुनंदाने ठरवलं.

वरुणच्या घरी कपड्यांच्या कपाटात रजया टांगून रेकॉर्डिंगची जागा केली होती. ती आत उभी राहिली, शर्टांच्या मध्ये, इरकल नेसून. दाराशी गुंडू ढोलकी घेऊन बसला. तिने छाप गायली. रावजी गुरूची आण, उसना शब्द ना गाते. या वेळी आवाज कापला नाही.

वरुणने कानावरचा हेडफोन सारला. "मस्त. ताई, एकच टेक अजून. शेवट जरा हळू घ्या?"

गुंडू खाली बघून मिशीत हसायला लागला.

"ताई?"

"शाहीर म्हण," आतून आवाज आला. "आणि हळूबिळू काही नाही. छाप आहे ती, अंगाई नव्हे."

वरुणने एकदा गुंडूकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"शाहीर," तो म्हणाला, "एक टेक अजून. तुमच्या आवाजात."

सुनंदाने घसा खाकरला आणि गुंडूला खूण केली.